हात सुधारावा की गाडी?



एखादी गोष्ट क्षुल्लक ठरवायची असली की आपण तिला 'पोरखेळ' म्हणतो. आणि एखादा गृहस्थ आपल्या धंद्यात तरबेज आहे असं सांगायचं असलं की त्यालाच 'मुरलेला खेळाडू' म्हणतो. खेळाबद्दल आपलं मन असं दोन्ही बाजूंनी बोलत असतं. आज मी ज्या खेळाविषयी चार शब्द सांगणार आहे, त्याच्यासारख्या खेळांवरून तर घराघरांतून वाद चाललेले असतात. हा खेळ मैदानावर खेळत नाहीत. टीव्हीच्या पडद्यासमोर बसून, हातात कंट्रोलर धरून खेळतात. पडद्यावर मोटारींची शर्यत चालू असते आणि त्यांतली एक मोटार आपल्या हाती असते. 'ग्रॅन टुरिस्मो' हे त्या खेळाचं नाव. शब्द इटालियन आहेत. लांब पल्ल्याचा ऐटबाज मोटारप्रवास असा त्यांचा भाव आहे. खेळ मात्र जपानी आहे.

मोटारशर्यतीचे व्हिडिओ गेम पुष्कळ आहेत. त्यांतून मी हाच निवडला याला कारण आहे. मी पेशाने मास्तर. विद्यार्थी पुढे जातो तो कशाच्या बळावर, हा माझ्या रोजच्या काळजीचा विषय. या खेळाच्या कर्त्याने नेमका हाच प्रश्न खेळाच्या मध्यभागी आणून ठेवला आहे. शर्यत जिंकायची तर दोन उपाय आहेत. हात सुधारा, नाही तर गाडी सुधारा. यांतला कोणता उपाय कोणी आणि केव्हा करावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास. 'ग्रॅन टुरिस्मो' २३ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये बाजारात आला. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन या यंत्रावर तो खेळायचा असे. काझुनोरी यामाउची हे त्याचे मुख्य रचनाकार. त्यांनी आणि त्यांच्या लहानशा चमूने त्यासाठी जवळजवळ पाच वर्षं खर्ची घातली. त्याआधीच्या शर्यतीच्या खेळांत बहुतेक वेळा जत्रेतल्या पाळण्याची मजा असे. नाणं टाकावं, वेग घ्यावा, आपटावं आणि पुन्हा नाणं टाकावं! यामाउचींना मोटारींचं वेड होतं. खरी मोटार जशी वागते तशी पडद्यावरची वागली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. लोकांना तो हट्ट पटला. त्या पहिल्या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

खेळ सुरू केला की समोर दोन दारं येतात. एक 'आर्केड'चं. तिथे वाटेल ती मोटार घ्या आणि पळवा, ही जत्रा. दुसरं दार 'सिम्युलेशन'चं, म्हणजे हुबेहूब अनुकरणाचं. हा मात्र संसार आहे. संसाराच्या आरंभी खेळाडूच्या खात्यावर दहा हजार क्रेडिट असतात. क्रेडिट हा खेळातला पैसा. एवढ्यात एखादी नवी, रुबाबदार मोटार काही येत नाही. मग जुन्या गाड्यांच्या दुकानात जाऊन कुणी तरी वापरलेली, बेताच्या ताकदीची जपानी मोटार घ्यावी लागते. तीच घेऊन लहान शर्यतीत उतरायचं, बक्षिसाचे पैसे साठवायचे, त्यांतून गाडीला नवे भाग बसवायचे, मग जरा मोठी शर्यत, मग जरा मोठी गाडी. आपल्यापैकी पुष्कळांनी सायकलीवरून स्कूटरवर आणि स्कूटरवरून मोटारीवर असाच प्रवास केलेला आहे. त्यामुळे ही पायरीपायरीची चढण आपल्याला परकी वाटू नये.

पण बक्षिसांच्या आधी एक अडसर आहे. तो म्हणजे परवाना. अमुक शर्यतीत उतरायचं तर अमुक परवाना हवा, असा नियम आहे. पहिल्या खेळात बी, ए आणि आंतरराष्ट्रीय ए असे तीन परवाने होते आणि प्रत्येकासाठी ८ परीक्षा. म्हणजे एकंदर २४. गुणांऐवजी कांस्य, रौप्य आणि सुवर्ण. कांस्य मिळालं की पास. आठही परीक्षांत सुवर्ण मिळवलं, तर बक्षीस म्हणून एक खास मोटार. रस्त्याच्या बाहेर गेलात की नापास. मात्र नापास होण्याची फी नाही आणि कितीही वेळा बसायला परवानगी आहे. आमच्या विद्यापीठांनी हेवा करावा अशी ही सोय आहे!

आणि पहिल्याच परीक्षेत काय विचारलं आहे, ऐका. गाडी जागेवरून सुरू करायची, सरळ रस्त्याने वेग घ्यायचा आणि पुढे आखलेल्या चौकटीत आणून उभी करायची. बस्स. ना वळण, ना प्रतिस्पर्धी. वेगाच्या खेळातला पहिला प्रश्न थांबण्याविषयी आहे! माझा एक विद्यार्थी या खेळाचा शौकीन. तो मला म्हणाला, "सर, मला वाटलं होतं, हे तर कोणीही करील. सतरा वेळा चौकटीच्या पुढे गेलो." मी विचारलं, "मग अठराव्या वेळी काय केलंस?" तो म्हणाला, "काही नाही सर, ब्रेक लवकर दाबला." उत्तर साधं आहे, पण ते हाताला कळायला सतरा खेपा लागल्या.

यात शास्त्र आहे. मोटारीचा वेग दुप्पट झाला की ती थांबवायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ताशी ५० किलोमीटरला जिथे थांबता आलं, तिथे ताशी १०० ला थांबता येत नाही. पुस्तकात हे सूत्र आपण सगळ्यांनीच पाठ केलं आहे. ते सूत्र पायाच्या अंगठ्यात उतरलं आहे की नाही, हे ही परीक्षा पाहते.

पुढच्या परीक्षांत एकेक वळण येतं, मग वळणांच्या जोड्या, मग रस्त्याचा मोठा तुकडा. इथे टायरची गोष्ट समजून घ्यावी लागते. टायरची रस्त्यावरची पकड ही ठरावीक पगारासारखी असते. तेवढ्यातच सगळं भागवायचं. ब्रेकवर सगळा पगार उडवला, तर वळायला काही उरत नाही. वळण्यावर सगळा खर्च केला, तर ब्रेकसाठी हात रिकामे. भर वळणात जोराने ब्रेक दाबणारा चालक म्हणजे महिन्याच्या पंचवीस तारखेला नवी खरेदी काढणारा गृहस्थ. मग गाडी कर्ज फेडायला नकार देते आणि आपल्या मर्जीने निघून जाते. पुढच्या चाकांना जोर असलेली गाडी अशा वेळी वळायचं सोडून नाकासमोर सरळ चालू लागते. मागच्या चाकांना जोर असलेली गाडी, वळणातून निघताना पाय जड पडला, तर शेपटी बाहेर टाकून गिरकी घेते. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी लावायचा. वळणात शिरताना तो हळूहळू सोडीत जायचा. आणि चाकं सरळ होऊ लागली की मगच वेग वाढवायचा.

रस्ताही सगळा वापरायचा असतो. वळणाच्या बाहेरच्या कडेने शिरावं, आतल्या कडेला हलकेच भिडावं आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघावं. असं केलं की वळणाचा बाक सौम्य होतो आणि जास्त वेग पेलतो. नवशिका चालक वळणात शिरताना घाई करतो. जाणता चालक शिरताना सबुरी धरतो आणि निघताना वेग घेतो. कारण वळणातून बाहेर पडताना जो वेग हाती असतो, त्याचा फायदा पुढचा सबंध सरळ रस्ता संपेपर्यंत मिळतो. शिरताना वाचवलेला क्षण लगेच खर्ची पडतो. निघताना मिळवलेला वेग व्याज देत राहतो.

आता दुसरा उपाय पाहू: गाडी सुधारण्याचा. बक्षिसाच्या पैशांतून टर्बो बसवता येतो, ब्रेक, स्प्रिंगा, गिअरपेटी बदलता येते, गाडीचं वजन उतरवता येतं, जास्त पकडीचे टायर घेता येतात. यात वाईट काही नाही. उलट कोणत्या बदलाने गाडीचा स्वभाव कसा पालटतो, हे समजणं हासुद्धा एक अभ्यास आहे. गिअरांचं प्रमाण लांब केलं की सरळ रस्त्यावर टोकाचा वेग वाढतो, पण वळणातून निघताना गाडी सुस्त होते. हे ज्याने स्वतः ताडून पाहिलं, त्याला यंत्रशास्त्राचा एक पाठ फुकट मिळाला.

परंतु याच दुकानात एक मोहही ठेवलेला असतो. लहान शर्यतीत प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या बेताच्या असतात. त्यांच्यापेक्षा बरीच अधिक ताकदीची गाडी नेली, तर वळणावर कितीही अडखळलं तरी सरळ रस्त्यावर सगळ्यांना मागे टाकता येतं. विजय मिळतो, पैसे मिळतात, त्यांतून आणखी ताकद विकत घेता येते. असा खेळाडू पुढे पुढे जात राहतो. त्याच्या गॅरेजात गाड्या वाढतात. आणि हात पहिल्या दिवशी होता तिथेच राहतो. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड घोकून वर्गामागून वर्ग ओलांडणारे विद्यार्थी मी इतके पाहिले आहेत की हा खेळाडू मला चांगलाच ओळखीचा वाटतो.

इथेच परवान्याच्या परीक्षेचं खरं मोल कळतं. तिथे गाडी तुमची नसते. परीक्षकाने दिलेली गाडी घ्यायची; ती सगळ्यांना सारखीच. तुमच्या खात्यावर कोट्यवधी क्रेडिट असोत की शंभर असोत, त्या खोलीत पाकीट चालत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजली जाते. कांस्य आणि सुवर्ण यांच्यात बहुधा एक-दोन सेकंदांचं, कधी त्याहूनही कमी अंतर असतं. तेवढंसं अंतर तोडायला जी संध्याकाळ जाते, ती संध्याकाळ माझ्या मते या खेळाचा गाभा आहे.

याच जातीची आणखी एक सोय या मालिकेत आहे. एकट्याने घड्याळाविरुद्ध गाडी चालवताना, आपण आधी केलेली सर्वांत चांगली फेरी एका पारदर्शक गाडीच्या रूपाने पडद्यावर धावू लागते. तिला 'घोस्ट', म्हणजे भूत म्हणतात. हे भूत कुणा दुसऱ्याचं नाही, आपलंच आहे. मघाचे आपण पुढे पळत असतो आणि आत्ताचे आपण मागे. कुठल्या वळणावर ते आपल्याला सोडून गेलं आणि कुठे आपण त्याला गाठलं, हे डोळ्यांना दिसतं. दुसऱ्याशी तुलना करून मुलांना खचवणाऱ्या पालकांनी हे भूत एकदा अवश्य पाहावं.

खेळाचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिल्या खेळात गाडी भिंतीवर कितीही आपटली तरी तिला पोचा येत नसे. त्यामुळे काही चलाख मंडळी ब्रेक न दाबता भिंतीला गाडी घासून वळण काढीत. यंत्राने चालवलेले प्रतिस्पर्धी तर वारीतल्या दिंडीसारखे एकामागून एक शिस्तीत चालत; आपण मध्ये आलो तरी त्यांना त्याचं फारसं सोयरसुतक नसे. पुढे मालिका वाढत गेली. २००४ साली जपानमध्ये निघालेल्या चौथ्या खेळात जर्मनीतला नुरबुर्गरिंगचा जुना, डोंगराळ शर्यतमार्ग आला. त्याची एक फेरी जवळजवळ २१ किलोमीटरची. २०१० सालच्या पाचव्या खेळात आपटलेल्या गाडीला इजा होऊ लागली. तरीही पडद्यावरची इजा ती पडद्यावरचीच.

मग साहजिक प्रश्न येतो. पडद्यावर कमावलेला हात खऱ्या रस्त्यावर उपयोगी पडतो काय? याचा प्रयोग होऊन गेला आहे. २००८ साली निसान आणि प्लेस्टेशन यांनी 'जीटी अकॅडमी' नावाची स्पर्धा सुरू केली. 'ग्रॅन टुरिस्मो'मध्ये सर्वांत वेगवान ठरलेल्यांना निवडायचं, मग खऱ्या गाडीत बसवून त्यांची पारख करायची आणि विजेत्याला शर्यतीचा चालक म्हणून तयार करायचं, अशी योजना होती. पहिला विजेता लुकास ओर्दोन्येझ हा स्पेनमधला विद्यार्थी. २०११ साली फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत तो आणि त्याचे सहकारी एलएमपी-२ या गटात दुसरे आले. त्याच वर्षी जान मार्डनबरो हा १९ वर्षांचा ब्रिटिश मुलगा अकॅडमीत निवडला गेला आणि २०१३ साली ल माँला त्याच गटात त्याच्या संघाने तिसरा क्रमांक मिळवला. त्याच्या आयुष्यावर २०२३ साली चित्रपटही निघाला.

या मुलांनी काय बरोबर नेलं? खेळातलं गॅरेज नव्हे. ते जिथल्या तिथे राहिलं. बरोबर आला तो फक्त हात, आणि ब्रेक केव्हा लावायचा हे सांगणारी नजर. मात्र एवढ्याने भागत नाही, हेही तितकंच खरं. खऱ्या गाडीत ऊन आहे, मानेवर येणारा ताण आहे आणि भीती आहे. मार्च २०१५ मध्ये नुरबुर्गरिंगलाच मार्डनबरोची गाडी हवेत उचलली जाऊन कुंपणापलीकडे पडली आणि एक प्रेक्षक मरण पावला. खोलीत बसून खेळताना आपण चुकलो तर एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करतो. चुकण्याची ही मुभा शिकणाऱ्याला अमोल आहे. पण रस्त्यावर ते बटण नसतं, हे तरुण श्रोत्यांनी कधीही विसरू नये.

आता अलीकडची एक हकिकत सांगतो. ४ मार्च २०२२ रोजी या मालिकेतला सातवा खेळ निघाला. त्यात एक कॅफे आहे. तिथला मालक खेळाडूच्या हाती कामांची यादी देतो, आणि एकेक यादी पुरी करत खेळाडू मोटारींचा इतिहास शिकत पुढे जातो. कल्पना मोठी गोड आहे. खेळ निघाला तेव्हा त्यात परवाने पाच होते आणि प्रत्येकाला १० परीक्षा होत्या. पण या खेळात क्रेडिट खऱ्या पैशांनीही विकत मिळतात. अमेरिकेत सुमारे २० डॉलरना २० लाख क्रेडिट, असा त्या वेळचा भाव होता, आणि सर्वांत महागड्या मोटारींच्या किमती दोन कोटी क्रेडिटपर्यंत होत्या. हिशेब सोपा आहे. पडद्यावरच्या, कधीही हात न लावता येणाऱ्या एका मोटारीला सुमारे २०० डॉलर!

त्यातच मार्चच्या मध्यास कंपनीने खेळात बदल केला आणि काही शर्यतींची बक्षिसं कमी केली. शिवाय त्याच सुमारास खेळ एका दिवसाहून अधिक काळ जवळपास बंद पडला. कारण त्याचा बहुतेक भाग इंटरनेटवर विसंबून आहे. जगभरचे खेळाडू खवळले. त्यांचा राग केवळ पैशांचा नव्हता. हात सुधारण्याची वाट मुद्दाम लांब करून आम्हांला पाकिटाच्या वाटेकडे ढकललं जात आहे, असं त्यांना वाटलं. यामाउचींनी आपली बाजू मांडली. पुढे महिनाअखेर माफी मागण्यात आली, आधीपासून खेळत असलेल्या खेळाडूंना १० लाख क्रेडिट भरपाई म्हणून देण्यात आले आणि एप्रिलमध्ये पुष्कळ बक्षिसं वाढवण्यात आली. दाद लागली, हे चांगलं झालं. पण विक्रीचं दुकान बंद झालं नाही.

मला या प्रकरणात एक गोष्ट विशेष वाटते. खऱ्या पैशांनी क्रेडिट घेता येतात, क्रेडिटांनी गाडी घेता येते, गाडीच्या जोरावर काही शर्यतीही जिंकता येतात. पण परवान्याच्या एकाही परीक्षेचं सुवर्ण आजही विकत मिळत नाही. पंचवीस वर्षांत खेळात कितीतरी बदललं, पण ती एक खोली तशीच राहिली.

तेव्हा माझं सांगणं दोघांनाही आहे. खेळणाऱ्या मुलामुलींनो, गाडीला नवा भाग बसवण्याआधी त्याच गाडीने, त्याच रस्त्यावर आणखी वीस फेऱ्या मारून पाहा. वेळा एका वहीत टिपून ठेवा. फेऱ्यांचे आकडे खाली यायचे थांबले, म्हणजे गाडी बदलण्याची वेळ आली असं समजा. परवान्यात कांस्यावर समाधान मानू नका. आणि घरच्यांच्या परवानगीवाचून, त्यांच्या पैशांनी एकही क्रेडिट विकत घेऊ नका. घड्याळाकडेही लक्ष असू द्या; थकलेला हात काही शिकत नाही, चुकाच पक्क्या करतो.

आणि पालकहो, "किती तास खेळलास?" हा प्रश्न विचारा, तो विचारलाच पाहिजे. पण तेवढ्यावर थांबू नका. "आज कोणत्या वळणावर वेळ वाचवलास, आणि कसा?" असंही विचारा. "अलीकडे ब्रेक जरा लवकर लावतो, म्हणून निघताना वेग जास्त मिळतो," असं काही तो सांगू लागला, तर शांतपणे ऐका. तो शिकतो आहे, आणि ही शिकण्याची सवय उद्या त्याला गणितातही उपयोगी पडेल, तबल्यावरही आणि कारखान्यातही. पण "आज दोन नव्या गाड्या आल्या," एवढंच उत्तर मिळालं, तर त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "गाड्या राहू देत. ती पहिली परीक्षा, चौकटीत थांबण्याची, ती मला एकदा करून दाखव."